नागतळी, फक्त पाच किलोमीटर

उदगीरच्या मोंढ्यातल्या धरमकाट्यावर व्यंकटराव सोमवंशींनी उभा जन्म काढला. मालाचा ट्रक काट्यावर चढायचा, खोलीतल्या डब्यावर लाल आकडे थरथरायचे आणि मग एका जागी ठरायचे. ठरले की व्यंकटराव खिडकीतून हात बाहेर काढून वजनाची चिठ्ठी द्यायचे. माल आणणारा म्हणायचा, एवढंच कसं? घेणारा म्हणायचा, एवढं कसं काय? व्यंकटराव दोघांकडेही न बघता सांगायचे, "आकडा म्या न्हाई काढला. त्याला इचारा." माणसं फिरतात, आकडा फिरत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि त्या समजुतीमुळे मोंढ्यात त्यांच्या शब्दाला वजनही होतं.

नोकरी संपली आणि व्यंकटराव घरी बसले. बसले म्हणजे खरोखरच बसले. सहा महिन्यांत सदऱ्याची बटणं तटतटायला लागली आणि रक्तातली साखर डॉक्टरांनी कपाळाला आठी घालावी इतकी चढली. "गोळ्या देतो, पण रोज दहा किलोमीटर सायकल पाहिजे. पाच जा, पाच या," डॉक्टर म्हणाले. व्यंकटरावांनी माळ्यावरची जुनी काळी सायकल उतरवली, टायर-ट्यूब नवे टाकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घंटी वाजवत निघाले. निघाले ते थेट मोंढ्याच्या कोपऱ्यावर शिवशंकरप्पांच्या किराणा दुकानात जाऊन बसले. तिथं पेपर वाचून झाला, चहा झाला, दुकानाच्या रांजणातलं पाणी मानेवर, कपाळावर मारून झालं आणि घामाघूम झालेले व्यंकटराव घरी परतले.

तारामतीबाई, म्हणजे त्यांची बायको, ब्लाउज शिवायची. माणूस दारातून आत आला की नजरेनंच त्याचं माप घेण्याची तिला सवय. तिनं आठ दिवस बघितलं आणि पुण्याला लेकीला फोन लावला. "ऋतुजा, तुझे बाबा दहा किलोमीटर जाऊन येत्यात, आन घाम निस्ता गळ्याच्या वर येतोय. पाठ कोरडी ठणठणीत."

ऋतुजानं चार दिवसांत कुरियरनं सायकलचा मीटर पाठवला. काडेपेटीएवढा काळा डबा, त्याला एक लांब वायर, एक लोहचुंबक आणि मूठभर प्लास्टिकच्या पट्ट्या. फोनवर ती म्हणाली, "बाबा, हा किती गेलात ते बरोबर सांगतो. संध्याकाळी आकड्याचा फोटो पाठवायचा."

दुसऱ्या कुणाला राग आला असता. व्यंकटरावांना डबा बघून उमाळाच आला. बऱ्याच दिवसांनी आकडे दाखवणारं काहीतरी हातात आलं होतं.

"दुकानातून बसवून आना," तारामतीबाई म्हणाली.

"साठ टनाचा काटा संबाळलेला मानूस हाय म्या," ते म्हणाले. "हे काय काडेपेटी."

अंगणात सायकल उलटी उभी करून ते कामाला लागले. लोहचुंबक पुढच्या चाकाच्या आरीवर स्क्रूनं घट्ट केलं. त्याची चाहूल घेणारं, वायरीच्या टोकाचं बोंडूक चाकाच्या चिमट्यावर पट्टीनं बांधलं. वायर ब्रेकच्या दांड्याला वेटोळं घालत हँडलपर्यंत आणली आणि डबा बसवला. मग चाक जोरात फिरवलं. डब्यावर शून्य.

"लई जोरात चाललाव," तारामतीबाई शिलाई मशीनवरून म्हणाली.

बोंडूक लोहचुंबकापासून चार बोटं लांब राहिलं होतं. त्यांनी ते जवळ सरकवलं, तर दर फेऱ्याला टक टक असा आवाज यायला लागला आणि लोहचुंबकच वाकडं झालं. पुन्हा लांब, पुन्हा जवळ, असं करता करता दुपारच्या जेवणाच्या वेळेला मधे एक जाड पुठ्ठा जाईल एवढी फट सापडली. चाक फिरवलं आणि डब्यावर आकडे धावले. व्यंकटराव उकिडवे बसून ते आकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

मग डब्यानं प्रश्न विचारायला सुरुवात केली. खालची दोन बटणं दाबून धरली की चार आकडे लुकलुकायचे, दोन हजार साठ. हे चाकाचं माप आहे एवढं त्यांना कळलं. पण कंपनीनं घालून पाठवलंय, तिला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार, असं म्हणून त्यांनी पुढचं बटण दाबलं. आता कोपऱ्यात 'केएम' लुकलुकलं. बटण दाबलं की त्याचं 'एम' व्हायचं. व्यंकटराव विचारात पडले. केएम म्हणजे किलोमीटर, हे उघड होतं. एम म्हणजे मग मीटर. किलोनं तोललेल्या मालापेक्षा ग्रॅमनं तोललेला माल नेहमी अचूक. आकडा किलोमीटरचाच दिसेल, मोजणी तेवढी मीटरनं बारीक होईल, असं धरून त्यांनी 'एम' ठेवलं. सोबत आलेला इंग्रजी कागद एव्हाना वाऱ्यानं शेजारच्या वाड्यात गेला होता आणि त्याची कुणाला गरजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते नागतळीच्या रस्त्याला लागले. आता शिवशंकरप्पांच्या दुकानात बसायची सोय राहिली नव्हती. संध्याकाळी फोटो जायचा होता, आणि आकडा खोटा दाखवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. रक्तात होती ती नुसती साखर. त्यांच्या अंदाजानं पाच किलोमीटर पेट्रोलपंपाच्या अलीकडंच भरायला हवे होते. पेट्रोलपंप आला, गेला. मीटरवर दोन. वीटभट्टी गेली. चढाची वाट लागली, मांड्या भरून आल्या, तुरीच्या रानातली माणसं वाकल्या वाकल्या मान वर करून बघायला लागली. मीटरवर साडेतीन. छाती भात्यासारखी चालत होती. शेवटी नागतळी फाट्यावर, भुजंगप्पांच्या चहाच्या हॉटेलासमोर, मीटरवर पाच पूर्ण झाले आणि व्यंकटराव सायकलवरून उतरले ते बाकड्यावर आडवेच झाले.

"कुठून आलाव?" भुजंगप्पांनी पाणी देत विचारलं.

"उदगीर."

"नऊ किलोमीटर आलाव की वं या वयात."

व्यंकटराव उठून बसले. "नऊ न्हाई. पाच."

"तो काय तिकडं दगड हाय, नवाचा."

"दगडाला काय मशीन हाय का आत?" व्यंकटराव म्हणाले आणि त्यांनी मीटर दाखवला.

बाकड्यावरची चारदोन माणसं डब्याभोवती गोळा झाली. तिथं व्यंकटरावांनी पहिल्यांदा आपलं मत मांडलं. रस्ता रुंद केला तेव्हा जुने दगड उपटले होते, नवे बसवताना कुणी तरी गुत्तेदाराच्या माणसानं अंदाजपंचे टाकले. माणसं कायम अंतर फुगवून सांगतात. थकल्याचा मान मिळतो ना. पण मशीन थकत नाही, त्यामुळे ते फुगवत नाही. तीस वर्षं काट्यावर काढलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. भुजंगप्पांनी तर सर्वांत जास्त डोलावली. त्यांच्या गावाला उदगीर असं बसल्या जागी चार किलोमीटर जवळ आलं होतं.

असं रोज सुरू झालं. सकाळी फाट्यापर्यंत, बिनसाखरेचा चहा, दगडांवर थोडं भाषण, परत. संध्याकाळी ऋतुजाला दहाच्या आकड्याचा फोटो. पहिला आठवडा व्यंकटराव रात्री पाय उशीवर ठेवून कण्हत झोपले. "दहा किलोमीटर इतके असत्यात हे आदी ठावं असतं तर गोळ्याच खाल्ल्या असत्या," ते म्हणायचे. तारामतीबाई गरम तेल चोळून द्यायची आणि पाठ भिजतेय का ते हळूच बघायची. भिजत होती.

तीन महिन्यांनी सदरे ढिले झाले. तारामतीबाईनं बटणं आत घेतली. दवाखान्याला लागून असलेल्या लॅबमध्ये शिवशंकरप्पांचीच मुलगी दीपमाला रक्त तपासायची. तिनं व्यंकटरावांचा रिपोर्ट दोनदा बघितला, सुई पुन्हा टोचली, पुन्हा बघितला.

"काका, काय करायलाव तुमी?"

"डॉक्टर म्हनले तेच. दहा किलोमीटर."

"दहाच?"

"दहाच. वर एक फेरा मारत न्हाई म्या."

डॉक्टरांनी एक गोळी बंद केली आणि येईल त्या रोग्याला व्यंकटरावांचं नाव सांगायला सुरुवात केली. त्या भरात मोंढ्यातल्या दोघातिघांनी सायकली घेतल्या, मोबाइलमध्ये बघून रोज दहा किलोमीटर चालवल्या आणि त्यांची साखर होती तिथंच राहिली. ते व्यंकटरावांकडं संशयानं बघायला लागले. हा चोरून कारल्याचा रस पीत असणार, असं त्यांचं ठरलं.

आता याच दिवसांत भुजंगप्पांच्या मुलासाठी मुलगी बघणं चाललं होतं. मुलगा संगमेश. शेती बघायचा, गावातलं दूध गोळा करून उदगीरला पाठवायचा, बोलायला कमी. व्यंकटरावांना तो आवडायचा, कारण त्यांचं दगडांवरचं भाषण तो मधे न बोलता ऐकायचा. भुजंगप्पांनी एकदा चहा देता देता शिवशंकरप्पांच्या दीपमालाचा विषय काढला.

व्यंकटराव त्याच दिवशी दुकानात जाऊन बसले. शिवशंकरप्पांना स्थळ मनापासून पटलं, पण त्यांनी मान हलवली. "पोरगी ऐकत न्हाई हो. लॅब सोडनार न्हाई म्हनतीय. सकाळी सातला रक्त घ्यायला हजर राहावं लागतंय. पाच-सहा किलोमीटरच्या वर गाव नको म्हनून बसलीय. नागतळी नऊ हाय."

"कोन म्हनतंय नऊ?" व्यंकटराव म्हणाले. "पाच. म्या रोज मोजतो."

"पाच?"

"पाच पूर्नांक शून्य शून्य. भुजंगप्पाच्या भट्टीसमोर."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर शिवशंकरप्पांनी हसून तागडी हातात घेतली असती. पण याच माणसाच्या आकड्यावर त्यांनी वर्षानुवर्षं साखर आणि शेंगदाण्याची पोती उतरवून घेतली होती. त्यांनी घरी सांगितलं. बघायचा कार्यक्रम झाला, मुलामुलीनं एकमेकांना नको म्हटलं नाही, आणि सुपारी फोडायची तारीख धरायचं बोलणं सुरू झालं. भुजंगप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी पेंटर बोलावून हॉटेलावर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात रंगवून घेतलं: 'उदगीर ५ कि.मी.' पाटीपासून थोड्याच अंतरावर नवाचा दगड होता. बाहेरगावचे मोटारसायकलवाले पाटीपाशी थांबायचे, दगडाकडं बघायचे, पुन्हा पाटीकडं बघायचे आणि गोंधळून चहा मागायचे. धंदा वाढला.

मग एक दिवस हंगामा झाला. व्यंकटराव फाट्यावर पोचले तर एक माणूस तावातावानं भुजंगप्पांशी भांडत होता. आदल्या दिवशी त्याच्या गाडीतलं पेट्रोल इथंच संपलं होतं. पाच किलोमीटर तर आहे, ढकलत नेऊ, म्हणून तो निघाला होता.

"ढकलून ढकलून मपला जीव गेला. मधी एकाला इचारलं तर म्हनला, अजून चार हाय. चार तर म्या आलोच की आदी."

भुजंगप्पांनी बोट दाखवलं. "यांनी मोजलंय."

त्या माणसानं व्यंकटरावांकडं असं बघितलं की त्यांनी त्या दिवशी चहा न पिता सायकल वळवली. पण मन मानेना. उन्हानं त्या बिचाऱ्याला लांब वाटलं असेल, असं ते चढ उतरेपर्यंत स्वतःला समजावत राहिले.

रविवारी दुपारी दीपमालाची स्कूटी दारात उभी राहिली. मागून शिवशंकरप्पा चालत येत होते. चेहरा पडलेला.

"काका, मी नागतळीला जाऊन आले," दीपमाला म्हणाली. "स्कूटीवर नऊला थोडं कमी आलं."

"तुझी स्कूटी कितीची? मीटर बिघडलं आसंल."

"येताना पन तेवढंच आलं. मोबाइलवर बघितलं, त्यात पन तेवढंच."

व्यंकटरावांनी तीन बोटं दुमडली. "म्हंजे तीन साक्षी झाले म्हन की."

"दगड धरला तर चार," शिवशंकरप्पा म्हणाले. त्यांना मित्राला दोष देता येईना आणि गप्पही बसवेना. "व्यंकटराव, पोरीच्या जन्माचा सवाल हाय."

तारामतीबाईनं मशीन थांबवलं. "आवं, आनाच ती सायकल हिकडं."

सायकल अंगणात आली. दीपमालानं मोबाइलवर मीटर बसवायचा एक व्हिडिओ लावला. तो हिंदीत बोलणारा माणूस पहिल्याच वाक्यात म्हणाला की सगळ्यात आधी आपलं चाक मोजा, कंपनीच्या मापावर राहू नका. तारामतीबाईनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं टायरकडं बघितलं.

आधी हवा भरली. मग पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह अगदी खाली आणून तिथं फरशीवर तारामतीबाईनं कापडावर खुणा करायच्या खडूनं रेघ मारली. सायकल सरळ पुढं ढकलत, चाकाचा एक फेरा पुरा होऊन व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी रेघ. मधलं अंतर तिनं टेपनं मोजलं. टेप पुरेना, तेव्हा मधे एक खूण करून पुन्हा लावला.

"दोनशे साडेचोवीस सेंटीमीटर," ती म्हणाली.

"थांबा काकू," दीपमाला म्हणाली, "तो म्हनतोय मानूस वर बसवून मोजा. वजनानं टायर दबतं."

व्यंकटराव सीटवर बसले. शिवशंकरप्पांनी हँडल धरलं, तारामतीबाईनं मागून कॅरियर धरलं आणि दीपमाला गुडघ्यावर बसून व्हॉल्व्हवर डोळा ठेवून राहिली. निम्म्यात तोल गेला आणि व्यंकटरावांनी पाय टेकला. "पाय टेकला तर वजन खाली गेलं," दीपमाला म्हणाली. काट्यावर चढलेल्या ट्रकमधून क्लीनर उतरायचा राहिला की व्यंकटराव स्वतः असंच ओरडायचे, हे त्यांना आठवलं आणि ते निमूट पाय वर घेऊन बसले. दुसऱ्यांदा वाकडं गेलं. तिसऱ्यांदा सरळ गेलं.

"दोनशे बावीस," तारामतीबाई टेप गुंडाळत म्हणाली. "अडीच सेंटीमीटर दबलं. आन हे वाळलेल्या मानसानं."

"डब्यात किती हाय?" शिवशंकरप्पांनी विचारलं.

"दोन हजार साठ मिलिमीटर," व्यंकटराव म्हणाले. तोंडातल्या तोंडात त्यांनी हिशेब केला. दर फेऱ्याला सोळा सेंटीमीटर कमी. बरंच होतं, पण पाचाचे नऊ व्हावेत एवढं नव्हतं. त्यांना थोडा धीर आला. "आसं काय लई न्हाई. पाचाचे साडेपाच होतील फार तर."

दीपमाला डबा डोळ्यांजवळ धरून बघत होती. "काका, इथं कोपऱ्यात एम कशाला हाय?"

"मीटर. अचूक असतंय म्हनून ठेवलं."

तिनं व्हिडिओ पुढं नेला, पुन्हा मागं आणला. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "काका, एम म्हंजे मैल."

शिवशंकरप्पांनी हँडल सोडलं आणि ओट्यावर बसले. व्यंकटराव सायकलवर बसल्याच जागी डोकं खाली घालून बोटं मोजायला लागले. मैलाचे दीड किलोमीटर आणि वर थोडं. त्यात चाकाची तूट. पाचाचे साडेआठाच्या वर. येऊन-जाऊन सतराच्या वर.

आधी लाज वाटायला हवी होती, पण आधी आला तो राग. "सतरा?" ते म्हणाले. "म्या रोज सतरा किलोमीटर मारायलोय? डॉक्टर दहा म्हनले होते."

"व्हय," तारामतीबाई म्हणाली. तोंडाला पदर लावून तिनं मान दुसरीकडं वळवली होती आणि तिचे खांदे हलत होते.

"आन वरचे सात? ते कुनाच्या खात्यात? उन्हात चढ चढलो, पाय सुजले, तू तेल लावत होतीस, ते समदं फुकट?"

"फुकट कशानं, काका," दीपमालालाही आता हसू आवरेना. "तुमची साखर त्यामुळंच उतरली. म्या दोनदा सुई टोचली, मलाच खरं वाटंना."

शिवशंकरप्पा तेवढे हसत नव्हते. त्यांना बघून व्यंकटराव सायकलवरून उतरले. ज्या माणसानं त्यांच्या शब्दावर कधी पोतं पुन्हा तोललं नव्हतं, त्याला त्यांनी चार किलोमीटरचा गंडा घातला होता, तोही मुलीच्या लग्नात. "शिवशंकरप्पा, चूक मपली हाय," ते म्हणाले. "म्या सोता जाऊन भुजंगप्पाला सांगतो. सोयरीक मोडली तर त्याचा दोष मपल्यावर."

दीपमालानं डब्यात दोन हजार दोनशे वीस घातले आणि 'केएम' लावून दिलं.

सकाळी व्यंकटराव निघाले. गावाबाहेरच्या एका दगडापाशी त्यांनी मीटर शून्यावर आणला आणि पुढच्या दगडाकडं सरळ रेषेत, इकडंतिकडं न वळता चालवत गेले. दगड समोर आला तेव्हा आकडा एकवर येऊन ठेपला. पुढच्या दगडाला दोन. त्याच्या पुढच्याला तीन. व्यंकटराव तिसऱ्या दगडापाशी उतरले. महिनोन् महिने या दगडांना त्यांनी चारचौघांत नावं ठेवली होती. रस्त्यावर कुणी नाही हे बघून त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि दगडावरची धूळ पुसली.

फाट्यावर पोचल्यावर त्यांनी भुजंगप्पांना सगळं सांगितलं. भुजंगप्पा ऐकत राहिले. भट्टीवरचं दूध वर आलं तेही त्यांच्या लक्षात आलं नाही, संगमेशनं येऊन ते खाली उतरवलं.

"मग आता ती मंडळी न्हाई म्हननार," भुजंगप्पा म्हणाले.

"म्हननार न्हाईत," संगमेश म्हणाला. एवढंच बोलून तो दुधाचे कॅन धुवायला गेला.

व्यंकटरावांना काही कळेना. कळलं ते लॅबमध्ये. पुढच्या तपासणीला गेले तेव्हा दीपमालानं दंडाला रबर बांधत सांगितलं. त्या रविवारी ती फाट्यावर थांबली होती. पाटी बघितली, दगड बघितला. संगमेश बाहेर उभा होता. तिनं मुद्दामच विचारलं, उदगीर किती आहे? तो म्हणाला, "नऊला थोडं कमी. पाटी बाबांनी लावलीय. लावू नका म्हनलो होतो, ऐकलं न्हाई." आत बाप बसलेला, लग्नाचं बोलणं अंतरावर टेकलेलं, आणि तरी हा असं बोलला.

"मग तू तवाच ठरवलंस?" व्यंकटरावांनी विचारलं.

"तवा न्हाई. घरी येईपर्यंत ठरवलं. पंधरा मिन्टं लागली, रस्ता चांगला हाय." तिनं सुई टोचली. "पन रात्री फोनवर त्याला म्हनलं, सातला लॅब असती, माझ्याच्यानं सकाळी चुलीपाशी उभं राहणं व्हनार न्हाई. तो म्हनला, दुधासाठी चारला उठतोच म्या. डबा करतो."

"करता येतोय का त्याला?"

"पिठलं येतंय म्हनला. बाकीचं शिकंल."

व्यंकटराव घरी येऊन बायकोला हे सांगू लागले, तर तारामतीबाईला ते आधीच ठाऊक होतं. शिवशंकरप्पांच्या घरचे ब्लाउज तिच्याकडंच आले होते.

सायकलचं मात्र नवंच संकट उभं राहिलं. आता मीटर खरा झाला होता, म्हणून व्यंकटराव खरे दहा किलोमीटर चालवायला लागले. पाच किलोमीटर भरायचे ते अशा ठिकाणी, जिथं एक कोरडा ओढा, एक पडकी पाणपोई आणि कुणाचं तरी बांधलेलं गाढव, एवढंच होतं. चार दिवस ते तिथं जाऊन गाढवाकडं बघून परत आले. पाचव्या दिवशी चहाची तलफ आली, सहाव्या दिवशी बोलायची आली, आणि मग ते पुन्हा फाट्यावर दिसायला लागले. डॉक्टरांनी काय ते एकदा ठरवून सांगावं, असं ते म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, "जिथंपर्यंत जात होता तिथंपर्यंत जा. आकडा मला सांगू नका."

सुपारीच्या दिवशी शिवशंकरप्पांनी जीप ठरवली होती. व्यंकटराव सायकलवरच जाणार म्हणून हट्टाला पेटले. इस्त्रीचा सदरा, डोक्याला फेटा. तारामतीबाई नवं लुगडं नेसून बाहेर आली, सायकलकडं बघितलं आणि काय मनात आलं कोण जाणे, कॅरियरवर बसली. लग्नाच्या नव्या दिवसांत बसायची, त्यानंतर आजच. गल्लीतल्या बायका दारात आल्या. व्यंकटरावांनी छाती पुढं काढली आणि पायडल मारलं. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी सायकल थांबवली.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"कायी न्हाई. तू बसलीस की मागचं चाक लई दबतंय, हँडल हलकं लागतंय. पुढचं चाक आज दोनशे बावीस भरंल का न्हाई, शंका हाय. तुझा टेप हाय का पिशवीत?"

तारामतीबाई उतरली, लुगडं झटकलं आणि मागून येणाऱ्या जीपला हात केला. जीप थांबली, बायकांनी सरकून जागा दिली आणि धूळ उडवत ती निघून गेली.

व्यंकटराव फाट्यावर पोचले तोवर सुपारी फुटून गेली होती आणि मांडवात जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. फेटा सुटून मानेवर आला होता, सदरा पाठीला चिकटला होता. भुजंगप्पांनी हाताला धरून त्यांना आपल्या शेजारी बसवलं. संगमेश बुंदीचं भगुणं घेऊन वाढत वाढत त्यांच्यापाशी आला, थांबला, आणि पलीकडच्या पंगतीत बसलेल्या दीपमालाकडं त्यानं बघितलं. तिनं दोन बोटं जवळ आणून एवढीच वाढ अशी खूण केली. संगमेशनं तेवढीच वाढली. व्यंकटरावांनी तोंडात टाकली आणि भुजंगप्पांना विचारलं, "बुंदीचा घाना कितीचा केला? तोलून केला का अंदाजानं?"